विश्लेषण : बैरुत ते बीजिंग, गाडीने! डोंगर जिंकणाऱ्या जॉर्ज-मारी हार्ट यांना सीमांनी कसे अडवले?

स्वतःची गाडी घेऊन देशोदेशींच्या सीमा ओलांडत युरोप गाठणाऱ्या भारतीयांच्या बातम्या आता अधूनमधून येतात. अशा प्रवासात गाडी बंद पडण्याची भीती असतेच, पण जाऊन आलेले लोक जास्त बोलतात ते व्हिसा, परवाने आणि सीमेवरच्या शिक्क्यांबद्दल. जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने याच अडचणी सर्वांत मोठ्या प्रमाणावर अनुभवल्या. सहारा वाळवंट, आफ्रिकेतील जंगले आणि काश्मीरमधील बर्फाळ खिंड यांतून त्यांनी गाड्या नेल्या. मात्र आयुष्यातील शेवटच्या मोहिमेत त्यांचा मार्ग ठरला तो कोणता देश आत येऊ देतो, यावर.

कोण होते जॉर्ज-मारी हार्ट?

हार्ट यांचा जन्म १८८४ मध्ये इटलीतील नेपल्सचा. कुटुंब मूळचे बेल्जियन, कर्मभूमी मात्र फ्रान्स. मोर्स या मोटार कंपनीत असताना त्यांची आंद्रे सिट्रोएन यांच्याशी गाठ पडली आणि ती आयुष्यभर टिकली. पहिल्या महायुद्धानंतर सिट्रोएन यांनी स्वतःच्या नावाच्या मोटारी बनवायला सुरुवात केली, तेव्हा हार्ट कारखान्याच्या कारभारातील त्यांचे सर्वांत विश्वासू सहकारी होते.

सिट्रोएन यांना जाहिरातीचे महत्त्व पुरते कळले होते. १९२५ पासून काही वर्षे आयफेल टॉवरवर त्यांच्या कंपनीचे नाव दिव्यांनी झळकत असे. गाडी कुठेही जाऊ शकते हे लोकांना पटवायचे, तर ती खरोखरच तिथे नेऊन दाखवायला हवी, हा त्यांचा हिशेब. ते काम हार्ट यांच्याकडे आले.

त्यासाठी लागणारी गाडी अडॉल्फ केग्रेस या अभियंत्याच्या कल्पनेतून आली. केग्रेस हे रशियाच्या झारच्या मोटारखान्याचे प्रमुख होते. बर्फात गाडी रुतू नये म्हणून त्यांनी मागच्या चाकांऐवजी रबरी पट्टे बसवले. क्रांतीनंतर ते फ्रान्सला परतले आणि त्यांची ही युक्ती सिट्रोएन यांनी उचलली. पुढे चाके आणि मागे पट्टे असलेली ही गाडी संथ होती, पण वाळूत आणि चिखलात सहसा अडत नसे.

सहारा कसा पार झाला?

१७ डिसेंबर १९२२ रोजी हार्ट आणि त्यांचे सहकारी लुई ओदुआं-दुब्रोय पाच गाड्या घेऊन अल्जीरियातील तुगुर्त येथून निघाले. ७ जानेवारी १९२३ रोजी ते टिंबक्टूला पोहोचले. उंटांच्या काफिल्यांना जिथे महिने लागत, ते अंतर तीन आठवड्यांत कापले गेले. मोटारीने सहारा ओलांडण्याची ही पहिलीच यशस्वी मोहीम. त्यात एकही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती, कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा सगळा मुलूख फ्रान्सच्या ताब्यात होता.

आफ्रिकेच्या मोहिमेत सीमा आडव्या का आल्या नाहीत?

दुसरी मोहीम फार मोठी होती. २८ ऑक्टोबर १९२४ रोजी आठ गाड्या अल्जीरियातील कोलोम-बेशार येथून निघाल्या. नायजर, चाड, बेल्जियन काँगो असे करत त्या युगांडातील कंपाला येथे पोहोचल्या. तिथे चार गट झाले आणि प्रत्येक गट वेगळ्या वाटेने किनाऱ्याकडे गेला. हार्ट यांचा गट मोझांबिकमार्गे जून १९२५ मध्ये मादागास्करच्या राजधानीत दाखल झाला. या प्रवासावर लेओं प्वारिए यांनी केलेला चित्रपट १९२६ मध्ये पॅरिसमध्ये गाजला.

या वाटेवर फ्रेंच, बेल्जियन, ब्रिटिश आणि पोर्तुगीज असे अनेक प्रदेश होते, म्हणजे सीमाही अनेक होत्या. तरी त्या फारशा जाणवल्या नाहीत, कारण त्या युरोपातील सत्तांनीच आखलेल्या होत्या. पॅरिस, ब्रुसेल्स आणि लंडनमध्ये पत्रव्यवहार झाला की हजारो मैलांवरचा अधिकारी फाटक उघडत असे. वाटेत इंधनाचे साठे आधीच करून ठेवलेले होते. काँगोच्या जंगलात गाड्यांसाठी वाट पाडायला वसाहतीच्या प्रशासनाने स्थानिक मजूर जुंपले. ज्यांच्या भूमीवरून गाड्या जात होत्या, त्यांना कोणी परवानगी विचारली नव्हती. आफ्रिकेतील यशाचा हा भाग त्या काळच्या कौतुकात झाकला गेला.

आशियाचा मूळ आराखडा का बदलला?

तिसऱ्या मोहिमेसाठी हार्ट यांनी भूमध्य समुद्रापासून चीनपर्यंतचा जुना रेशीम मार्ग निवडला. इथे आफ्रिकेची पद्धत चालणार नव्हती. सोव्हिएत संघ, इराण, अफगाणिस्तान आणि चीन यांना पॅरिसहून आदेश देणारे कोणी नव्हते.

पहिला फटका मोहीम निघण्याआधीच बसला. सोव्हिएत मध्य आशियातून जाण्याचा बेत होता आणि गाड्यांची आखणीही त्याच हिशेबाने झाली होती. ऐन तयारीत सोव्हिएत सरकारने परवानगी मागे घेतली. तो रस्ता बंद झाल्यावर उरला तो अफगाणिस्तान, ब्रिटिश भारत आणि हिमालयाच्या पलीकडून चीनमध्ये उतरण्याचा मार्ग. त्यासाठी वजनाने हलक्या गाड्या तयार कराव्या लागल्या.

मोहिमेचे दोन गट करण्यात आले. हार्ट यांचा ‘पामीर गट’ ४ एप्रिल १९३१ रोजी बैरुतहून पूर्वेकडे निघाला. नौदलातील तरुण अधिकारी व्हिक्टर प्वां यांचा ‘चीन गट’ त्याच सुमारास तिआनजिनहून पश्चिमेकडे निघाला. दोघांनी मध्य आशियात भेटायचे आणि एकत्र बीजिंगला जायचे, असे ठरले. सोबत पुरातत्त्वज्ञ जोसेफ हॅकां, जीवाश्मांचे अभ्यासक तेयार द शार्दां, चित्रकार अलेक्सांद्र याकोव्हलेव आणि ‘नॅशनल जिओग्राफिक’चे मेनार्ड ओवेन विल्यम्स असे नामवंत होते.

सीरिया फ्रान्सच्या, तर इराक ब्रिटनच्या अखत्यारीत असल्याने सुरुवात सुरळीत झाली. पुढे इराण पार झाला. उत्तर अफगाणिस्तानात अशांतता होती, त्यामुळे हेरात, कंदाहार, काबूल असा दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. हॅकां यांनी अफगाणिस्तानात उत्खनने केली होती. त्या ओळखीचाही तिथे उपयोग झाला. खैबर खिंडीतून पेशावर आणि तिथून जूनमध्ये गाड्या श्रीनगरला आल्या.

काश्मीरमध्ये काय घडले?

श्रीनगर ते गिलगिट ही वाट खेचरांची आणि हमालांची. मोटार तिथून जाणार नाही, हे जाणकारांचे मत होते. हार्ट यांनी सगळ्या गाड्या नेण्याचा हट्ट सोडला आणि फक्त दोन निवडल्या. एकीचे नाव ‘सोनेरी भुंगा’, दुसरीचे ‘रुपेरी चंद्रकोर’. वाटेत धान्य आणि चारा मोजकाच मिळणार होता, म्हणून माणसांची तुकडी गटागटाने सोडण्यात आली.

जुलैमध्ये वुलर सरोवराकाठच्या बांदीपूरहून चढ सुरू झाला. त्रागबल खिंड, गुरेझ खोरे आणि मग चार हजार मीटरहून उंच बुर्झिल खिंड. पुढे अस्तोरच्या बाजूला दरडींनी वाट तोडली होती. काही ठिकाणी वाट गाडीपेक्षा अरुंद होती, तर एका जागी कडेची माती सुटून गाडी दरीवर लोंबकळली आणि दोरांनी ओढून सावरावी लागली. जिथे काहीच चालेना, तिथे गाड्यांचे सुटे भाग करून ते हमालांच्या पाठीवरून नेले आणि पलीकडे पुन्हा जोडले. ऑगस्टच्या सुरुवातीला दोन्ही गाड्या गिलगिटला पोहोचल्या. त्या वाटेने तिथे आलेल्या या पहिल्या मोटारी होत्या.

तिथेच त्यांचा प्रवास संपला. समोर काराकोरम होता आणि चीन गट अडचणीत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. वेळ दवडणे शक्य नव्हते. हार्ट यांनी गाड्या मागे ठेवल्या आणि घोड्यांवरून हुंझा, मिसगर आणि किलिक खिंड या मार्गाने चीनमध्ये प्रवेश केला. ज्यांनी आयुष्याची दहा वर्षे मोटारीचा डंका पिटला, त्यांनी सर्वांत अवघड सीमा घोड्यावर बसून ओलांडली.

उरुमचीत चीन गट का अडकला?

चीन गटाला पहिल्यापासून संशयाला तोंड द्यावे लागले आणि त्याला कारणही होते. ऑरेल स्टाइन आणि पॉल पेलियो यांनी १९०७-०८ मध्ये दुनहुआंगच्या गुंफांतून हजारो हस्तलिखिते युरोपला नेली होती. त्यामुळे परदेशी मोहिमेत चिनी अभ्यासक हवेतच, अशी अट नानजिंग सरकारने घातली. वाटेत फ्रेंच आणि चिनी सदस्यांत खटके उडाले.

शिनजियांगमध्ये तर वेगळेच राज्य होते. तिथले राज्यपाल जिन शुरेन केंद्राचे नावापुरते ऐकत. हामी भागात बंड पेटलेले होते. अशा वेळी पट्ट्यांच्या गाड्या आणि बिनतारी संदेशयंत्र घेऊन आलेले परदेशी त्यांना कसे वाटले असतील, याचा अंदाज करता येतो. नानजिंगची परवानगी हातात असूनही गट उरुमचीत अडकवून ठेवण्यात आला. राज्यपालांना गाड्या आणि संदेशयंत्र हवे होते. ते देण्याचे कबूल केल्यावर प्वां यांच्या काही गाड्यांना काशगरच्या दिशेने सोडण्यात आले. ८ ऑक्टोबर १९३१ रोजी अक्सू येथे दोन्ही गट भेटले.

परतताना उरुमचीत पुन्हा महिनाभर थांबावे लागले. तोवर हिवाळा आला. गोबीच्या थंडीत इंजिन गोठेल म्हणून ते रात्रभर चालू ठेवावे लागे. वाटेत गोळीबारालाही तोंड द्यावे लागले. अखेर १२ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रवासाच्या ३१५व्या दिवशी, सुमारे १२ हजार किलोमीटर पार करून मोहीम बीजिंगला पोहोचली.

हार्ट यांचा शेवट कसा झाला?

परतीचा मार्ग इंडोचायनातून होता. त्याआधीच हाँगकाँगमध्ये हार्ट यांना न्यूमोनिया झाला आणि १६ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढचा प्रवास आवरता घेण्यात आला. १९३४ च्या अखेरीस सिट्रोएन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मिशेलिनच्या ताब्यात आली. पुढच्याच वर्षी आंद्रे सिट्रोएनही गेले.

‘कार्नेट’ म्हणजे काय?

हार्ट यांच्यामागे मोठी कंपनी आणि फ्रान्सचे परराष्ट्र खाते होते. सामान्य प्रवाशाकडे असते ते ‘कार्नेट’ नावाचे पुस्तक. परदेशात गाडी नेणे म्हणजे कायद्याच्या नजरेत ती आयात करणे. त्यावर सीमाशुल्क लागते. गाडी विकणार नाही, परत नेईन, याची हमी मोटार संघटना या पुस्तकाद्वारे देते. पानाचा एक भाग देशात शिरताना आणि दुसरा बाहेर पडताना सीमाशुल्क अधिकारी शिक्का मारून काढून घेतात. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच विकली असे समजून शुल्काची मागणी होऊ शकते. म्हणून कार्नेट देताना संघटना मालकाकडून तारण घेते.

खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा आंतरराष्ट्रीय करार १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. भारतात मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था कार्नेट देत आली आहे. सर्वच देशांना ते लागत नाही. नेपाळमध्ये भारतीय गाडीसाठी सीमेवर ‘भन्सार’ भरून काम होते. चीनमध्ये तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरता वाहन परवाना आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक लागतो.

आज हार्ट यांच्या वाटेने जाता येईल का?

डोंगराचा प्रश्न बराचसा सुटला आहे. जिथे हार्ट यांना गाड्या सोडाव्या लागल्या, त्या गिलगिटहून काराकोरम महामार्ग खुंजेराब खिंडीतून थेट चीनमध्ये उतरतो. त्रागबलची खिंड आज राझदान खिंड म्हणून ओळखली जाते. बांदीपोराहून तिथून गुरेझपर्यंत पर्यटक उन्हाळ्यात आपल्या गाडीने सहज जातात.

पुढे मात्र नियंत्रण रेषा आहे. बुर्झिल खिंड तिच्या पलीकडे, पाकिस्तानच्या ताब्यातील भागात. १९३१ मध्ये श्रीनगरहून गिलगिटला जाताना आंतरराष्ट्रीय सीमा लागतच नव्हती, नव्हता तो रस्ता. आता दोन्ही टोकांना रस्ते आहेत आणि मधली वाट बंद आहे. म्हणूनच लंडनला गाडीने निघणारे भारतीय पाकिस्तान टाळून नेपाळ-तिबेटची किंवा म्यानमार-थायलंडची वाट शोधतात. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर तीही बिकट झाली. गाडीची तयारी काही आठवड्यांत होते. पण आधी नकाशावर कोणत्या सीमा उघड्या आहेत ते पाहावे लागते. हार्ट यांनाही गाड्यांची आखणी बदलावी लागली होती, ती सोव्हिएत सीमा बंद झाल्यावरच.