इंद्रायणीत सोडलेली खते

देहूचे मोऱ्यांचे घराणे महाजनकीचे. वाडा, दुकान, सावकारी, सगळे होते. बोल्होबांच्या मागे हा भार तुकोबारायांवर आला. १६३० साली दुष्काळ पडला. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. घरात कुळांची खते होती, पण खताने कुठे पोट भरते?

पुढे महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले. परंपरा सांगते, इंद्रायणीकाठी खतांची वाटणी झाली. निम्मी कान्होबांच्या हाती दिली. आपली निम्मी महाराजांनी डोहात सोडली. कुळे मोकळी झाली आणि महाराजही.

मंडळी, ध्यानात घ्या. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आणि ह्या त्यागाची झळ जिजाईने सोसली. चूल पेटवायची तिलाच होती.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठास गेले. माळ्यावरची जास्तीची भांडी, गाठोडी आपण उतरवालच. पण कोणाकडून काय येणे आहे, ही मनात जपलेली वही आधी काढा. बीजेला देहूस जाल, तेव्हा तेवढे ओझे उतरवून या.