आधी पाहणी, मग आराखडा

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेल्या गेडिस यांनी शहराकडेही सजीव म्हणून पाहिले. एडिंबरा येथील 'आउटलुक टॉवर'मध्ये १८९२ पासून नकाशे व माहिती मांडून त्यांनी नागरिकांनाच आपल्या शहराच्या अभ्यासास प्रवृत्त केले. १९१४ मध्ये भारताकडे निघालेले त्यांचे नगरविषयक प्रदर्शन 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेच्या हल्ल्यात बुडाले. त्यांनी ते नव्याने उभारले. येथील गल्लीबोळ त्यांनी पायी पालथे घातले. रुंद रस्त्यांसाठी सरसकट पाडापाडी केल्यास गरीब बेघर होतात आणि शेजारच्या वस्तीत गर्दी वाढते, हे दाखवून त्यांनी मोजकीच घरे हटवण्याचा आग्रह धरला. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे गो. स. घुर्ये यांनी तो विभाग नावारूपास आणला. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये गेडिस यांचे निधन झाले.