भयाशी ओळख असलेले बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने आमच्या वसतिगृहात निबंधस्पर्धा होते. उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या कामगार वस्त्यांतून आणि बदलापूरच्या आसपासच्या गावांतून आलेली मुले त्या दिवशी मोठ्या श्रद्धेने लिहितात. वह्या तपासताना एक विधान बहुतेक प्रत्येक निबंधात आढळते. बाबासाहेबांना भीती कशी ती ठाऊकच नव्हती, असे मुले लिहितात. दोष मुलांचा नाही. अनेक वर्षे आम्हीच त्यांना तसे शिकवीत आलो. इतिहासाचे शिक्षक म्हणून ते विधान आम्ही येथे मागे घेत आहोत.

त्याला कारण घडले ते वरकरणी किरकोळ होते. आमचा आठवीचा एक विद्यार्थी सुट्टीनंतर कर्जत लोकलने परतत होता. अंबरनाथ सुटल्यावर शेजारच्या प्रवाशाने त्याला आडनाव विचारले आणि त्याने भलतेच आडनाव सांगितले. बदलापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्या रात्री तो जेवला नाही. घाबरलो याचे दुःख त्याला होतेच. परंतु ज्यांच्या तसबिरीखाली आपण रोज वंदना म्हणतो त्यांचे आपण कोणीच लागत नाही, या विचाराने तो अधिक खचला होता. त्या वेळी आम्ही त्याच्यापुढे बाबासाहेबांचे एक छोटे पुस्तक ठेवले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्याचे नाव. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते प्रसिद्ध केले. आपल्या भयाविषयी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने जे लिहून ठेवले, ते त्यात आहे.

१८९१ साली महू येथे जन्मलेले भीमराव आई भीमाबाईंच्या निधनानंतर साताऱ्यास वाढत होते. वडील सुभेदार रामजी नोकरीनिमित्त गोरेगावास होते. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचे बंधू आणि दोन भाचे अशी चार मुले नवे कपडे घालून वडिलांना भेटण्यास निघाली. मसूर स्थानकावर उतरली, परंतु घ्यायला कोणी आले नव्हते; पत्र वेळेवर पोहोचले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाले. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. शिदोरी होती, परंतु पाणी नव्हते. म्हणून शिदोरीही घशाखाली उतरेना. मध्यरात्री टोलनाक्यावर भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले. तरीही ते मिळाले नाही. काळोखात, अंगावर दागिने असताना, गाडीवानावर विश्वास ठेवावा की नाही या शंकेने ती मुले धास्तावली होती. दोघांनी झोपावे आणि दोघांनी जागावे, असे ठरले. पहारा देणारे ते भीमराव जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते.

बडोद्याचा प्रसंग याहून कठीण आहे. तेथे वयाची सबब नव्हती. १९१७ साली भीमराव सव्वीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये ते शिकून आले होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. विलायतेत जात विसरायला झाली होती. स्थानकावर उतरताच मुक्काम कोठे करायचा हा प्रश्न उभा राहिला आणि ती आठवली. एका पारशी धर्मशाळेत केवळ पारशांनाच जागा मिळे. तेथील रखवालदाराने पारशी नावाने नोंद करण्याच्या अटीवर त्यांना वरच्या मजल्यावर राहू दिले. दिवसभर कचेरी, रात्री त्या ओसाड दालनात एक मिणमिणता कंदील, मोडके सामान आणि वटवाघळांची फडफड. माणसाचा शब्द कानावर पडत नसे. ते वाचीत बसत आणि वाचनात स्वतःस विसरू पाहत.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली आणि खोलीसमोर रांगेने उभी राहिली. तू कोण, पारशी नाव का घेतलेस, असा जाब त्यांनी विचारला. भीमराव निरुत्तर झाले. खरे सांगितले तर काय होईल याची त्यांना कल्पना होती, असे ते मोकळेपणाने लिहितात. आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली संध्याकाळपर्यंतची. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही आसरा मागून पाहिला. एकाने आपले नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्या उच्चविद्याविभूषित तरुणाने कामाठी बागेत काढला. काठ्या घेऊन आलेले ते चेहरे आठवले की अनेक वर्षांनीही त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांनी तेही लिहिले आहे, वगळलेले नाही.

आमच्या विद्यार्थ्याने हा भाग दोनदा वाचला.

या ठिकाणी मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्ताची आठवण होते. बोधिप्राप्तीपूर्वी गौतम अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री मुद्दाम भयावह अरण्यात राहत. मोराने फांदी पाडली, वाऱ्याने पाने हलली की भय येई. चालत असताना भय आले तर चालताचालताच ते ओसरू द्यावे, बसलेले असताना आले तर बसूनच. जागा सोडायची नाही, असा त्यांचा प्रयत्न होता. भय येतच नव्हते, असे तथागतांनीही म्हटलेले नाही.

बडोदे सोडल्यावर सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापन, ‘मूकनायक’, पुन्हा लंडन, बॅरिस्टरी, १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा हा क्रम सर्वांस परिचित आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या वेळी खोट्या नावाने नव्हे, हजारोंसमक्ष. त्यानंतर देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि काठ्या पुन्हा आल्या. परिषदेस आलेली माणसे जेवताना, वाटेने जाताना मार खाऊ लागली. जखमी माणसे डाक बंगल्यावर येत होती, संतप्त जमाव त्यांच्या शब्दाची वाट पाहत होता. प्रतिकाराचा आदेश देणे त्या घटकेस सोपे होते, टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी आपल्या माणसांना आवरले. डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा सत्याग्रहासाठी सज्ज झालेल्या हजारोंना त्यांनी थांबवले. काहींना तो निर्णय तेव्हा रुचला नाही, आजही रुचत नाही. आमच्या मते ज्याने काठीसमोर एकटे उभे राहणे अनुभवले आहे, तोच दुसऱ्याला त्या काठीपुढे ढकलताना शंभरदा विचार करतो. तळ्याचा दावा मात्र त्यांनी दहा वर्षे सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

महाडच्या मार्चमधील हल्ल्याला दीड महिनाही उलटला नव्हता, तेव्हा ३ मे १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या बदलापुरात आले होते, हे आमच्या मुलांना सांगितले की त्यांना नवल वाटते. शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी येथे भूषविले. महाडच्या घटनेनंतर दुसऱ्या जमावासमोर जाऊन उभे राहण्यास काय लागत असेल, हे बडोद्याची पाने वाचल्यावर थोडेसे उमगते.

पुढेही प्रसंग संपले नाहीत. १९२९ साली चाळीसगावास टांगेवाल्यांनी नकार दिला. बाबासाहेबांनी पायी जाणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच माणूस पुढे बसला. टांगा उलटला आणि त्यांचा पाय मोडला. १९३४ साली, गोलमेज परिषदा गाजवून झाल्यावर, दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून जमाव धावून आला. किल्ला पाहताना पाण्याला स्पर्श होऊ नये यासाठी सोबत शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. बडोद्यात पारशी, दौलताबादेत मुसलमान, इतरत्र हिंदू. हे त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता नोंदविले आहे.

मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, हे पाठ्यपुस्तकात असते. आम्ही आता मुलांना संविधानाचा पंधरावा अनुच्छेद त्या छोट्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचायला सांगतो. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी तेथे यादी आहे. मुले प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने गावाचे नाव लिहितात. हॉटेलापुढे बडोदे येते, तलावापुढे महाड आणि दौलताबाद. मसूरची बैलगाडी कोणत्या शब्दात बसवायची, यावर मात्र दरवर्षी वर्गात वाद होतो. यंदा त्या विद्यार्थ्याने ती रस्त्यांपुढे लिहिली आहे.