फादर सांतापाव व खंडाळ्याचा रानमूग

अष्टमीच्या शेतकऱ्यास वाल म्हणजे काय, हे आम्ही सांगावे असे नाही. भात कापून झाले की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो वाल पेरतो, आणि ते पीक थंडीच्या दंवावर उभे राहते. पण त्याच गृहस्थास डोंगरातल्या शेंगांविषयी विचारावे, तर रानटी म्हणून तो हात झाडील. अशा टाकलेल्या वनस्पतींमागे ज्यांनी आयुष्य वेचले, त्या एका पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

हेर्मेनेगिल्ड सांतापाव ह्यांचा जन्म १९०३ साली स्पेन देशात ला गालेरा ह्या गावी झाला. ते रोमन मंडळीतील येशूसंघाचे पाद्री. त्यांचा व आमचा पंथ एक नव्हे, आणि मतभेद लहानसहान नाहीत. तरी जे चांगले ते कोणाच्याही हातून घडो, त्यास चांगले म्हटलेच पाहिजे. लंडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी घेऊन ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पुढे त्यांनी ह्याच देशाचे नागरिकत्व पत्करले.

सुटी मिळाली की ते खंडाळ्याचा घाट गाठीत. जुन्या ग्रंथांत लिहिले आहे तेच उतरून घ्यावे, ही रीत त्यांस मान्य नव्हती. झाड जिवंत पाहावे, फुलात पाहावे, पुन्हा फळात पाहावे, असा त्यांचा नेम. भर पावसात घाटात हिंडणे म्हणजे काय, हे आमच्या प्रचारक बंधूंस ठाऊक आहे. आणि ओल्या हवेत दाबलेली पाने सुकविणे त्याहून कठीण. ह्या श्रमांतून झालेला त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली छापून निघाला.

त्या डोंगरउतारांवर मुगाचा एक रानटी भाऊबंद उगवतो. तो वेलासारखा न चढता ताठ उभा वाढतो. पाने रुंद, फुले पिवळी. डॅल्झेल व गिब्सन ह्या दोघा स्कॉच साहेबांनी १८६१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यास 'मोठा' अशा अर्थाचे नाव दिले होते. परंतु तेच नाव दुसऱ्या एका वनस्पतीस आधीच दिलेले होते; तेव्हा शास्त्राच्या नियमाने ते ह्यास चालेना. एदेन बागेत आदामाने जनावरांस नावे दिली, तेथे अशी अडचण पडली नसावी! सांतापाव ह्यांनी ह्या बिननावाच्या झाडास खंडाळ्याचेच नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांनी मूग, उडीद व हा रानमूग ह्यांस एका गणातून काढून विग्ना नावाच्या गणात बसविले. खंडाळ्याचे नाव मात्र राहिले.

नावाने पोट भरते काय, असे कोणी विचारील. रानातल्या मुगाची शेंग वाळली की तडकते आणि दाणे दूर फेकते. ज्या झाडांची शेंग तडकली नाही, त्यांचे बी आपल्या पूर्वजांनी घरी आणले, पुन्हा पेरले, आणि पिढ्यान्पिढ्या असे करता शेतातला मूग झाला. दाणा मोठा झाला, शेंग हाती राहिली. पण निवडीत काही गुण मागेही सुटले. कणगीतला मूग भुंगा पोखरतो. मुगाच्या रानटी जातींतील काही वाणांस मात्र तो लागत नाही, असे आढळले आहे, आणि तो गुण शेतातल्या मुगात आणण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञांनी केले आहेत. उतार खणून सपाट केला, तर असे बी कोठून आणावे? आणि ज्यास नावच नाही, ते नाहीसे झाले हे तरी कोणास कळावे?

१९५४ साली सरकारने त्यांस भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्यात प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ नेमिले. तेथे पुढे ते संचालकही झाले. १९६७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. सामान्य माणसासाठी नेहमीच्या वृक्षांवरही त्यांनी एक सोपे पुस्तक लिहिले. जानेवारी १९७० मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांनी नाव दिलेला तो मूग सह्याद्रीच्या ह्या भागाबाहेर फारसा कोठे उगवत नाही.