बर्फावरील पहिली विजेती : मॅज सायर्स

आपल्या पांढुर्ण्याच्या जाम नदीचे पाणी पौषात कितीही गार झाले, तरी ती नदी गोठल्याचे कोणी पाहिलेले नाही. युरोपातील कित्येक तळी मात्र हिवाळ्यात दगडासारखी घट्ट होतात. बुटांच्या तळाशी पोलादी पाते बसवून त्या बर्फावरून घसरत जाणे, हा तेथील जुना खेळ. त्यातूनच पुढे एक कला निर्माण झाली. एका पायावर तोल सांभाळीत, पात्याच्या कडेने बर्फावर एकमेकांस चिकटलेली दोन वर्तुळे रेखाटावयाची आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जावयाचे. रेघ किंचित हलली, तरी परीक्षकांच्या नजरेतून ती सुटत नसे.

या कलेत जगाला थक्क करणारी मॅज १६ सप्टेंबर १८८१ रोजी लंडन येथे जन्मली. तिच्या वडिलांचे आडनाव केव्ह. पोहणे व घोडदौड यांतही ती निपुण होती. १९०० साली एडगर सायर्स यांच्याशी तिचा विवाह झाला. ते स्वतः उत्तम खेळाडू होते. इंग्लंडातील ताठर पद्धत सोडून युरोपातील मोकळी, डौलदार पद्धत आत्मसात करण्यास त्यांनी पत्नीस उत्तेजन दिले.

१९०२ साली जागतिक स्पर्धा लंडनमध्ये भरली. तोवर तीत केवळ पुरुषच उतरत. परंतु स्त्रियांनी भाग घेऊ नये, असे नियमांत कोठेही लिहिलेले नव्हते. मॅजने आपले नाव दिले. अडविण्यास आधारच नसल्याने तिला प्रवेश मिळाला. चार स्पर्धकांत ती एकटीच स्त्री होती. स्वीडनच्या उलरिक साल्खोव्ह यांच्या खालोखाल तिने दुसरा क्रमांक पटकाविला!

या यशाचे बक्षीस मात्र विलक्षण मिळाले. १९०३ साली आंतरराष्ट्रीय संघाने स्त्रियांना त्या स्पर्धेची दारे बंद केली. लांब झग्यामुळे पावले दिसत नाहीत, हे त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक होते. मॅजने आखूड घेराचा झगा वापरून त्याचे उत्तर दिले. त्याच वर्षी तिने ब्रिटनचे अजिंक्यपद जिंकले. १९०४ साली ते पुन्हा मिळविले, तेव्हा दुसरा क्रमांक तिच्या पतीचा होता!

अखेर संघाने स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. १९०६ साली दाव्होस येथे व १९०७ साली व्हिएन्ना येथे मॅज विजयी झाली. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच खेळला गेला. पाचही परीक्षकांनी तिला पहिले स्थान दिले. सुवर्णपदकाबरोबरच पतीसह जोडीच्या स्पर्धेत तिने कांस्यपदकही मिळविले.

पुढे प्रकृती ढासळल्याने तिला खेळ सोडावा लागला. ९ सप्टेंबर १९१७ रोजी हृदयविकाराने तिचे निधन झाले. वयाची छत्तीस वर्षे पूर्ण होण्यास अवघा आठवडा उरला होता.

विद्यार्थी मित्रहो, पुरुषांसमवेत पुन्हा जागतिक स्पर्धा खेळण्याची संधी मॅजला कधीच मिळाली नाही. तिच्यावर झालेला अन्याय पुरता फिटला नाही. परंतु तिच्या कौशल्यामुळे जो मार्ग खुला झाला, त्यावरून पुढे देशोदेशींच्या असंख्य मुली गेल्या. सौंसर-पांढुर्ण्याच्या ज्या मुलींना एखादे मैदान आपल्यासाठी नाही असे सांगितले जाईल, त्यांनी नियम एकदा स्वतः वाचून पाहावा. आणि नाव देण्यापूर्वी तयारी मात्र मॅजसारखी करावी.