चिखलातली शर्यत, दोरी, भिंत आणि जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच गडी

तुमच्या इन्स्टावर असा एक तरी फोटो येऊन गेला असेल. चार-पाच मित्र, नखशिखांत चिखल, फक्त दात तेवढे पांढरे आणि गळ्यात मेडल. परदेशातली स्पार्टन रेस, टफ मडर किंवा आपल्याकडची डेव्हिल्स सर्किट, प्रकार तोच. भिंत चढायची, तारेखालून सरपटायचं, दोरीला लोंबकळायचं. हे खूळ नवं वाटतं, पण त्याचं एक मोठं मूळ सापडतं शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये, जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्यापाशी.

एबेरचा जन्म १८७५ चा, पॅरिसमधला. नौदलात गेला आणि जग फिरला. आफ्रिकेत त्यानं व्यायामशाळेचं तोंडही न बघितलेली काटक, चपळ माणसं बघितली आणि विचारात पडला. (त्या काळच्या गोऱ्या साहेबाची नजर त्यात होतीच, ते मान्य करून पुढे जाऊ.)

मग आलं १९०२. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर ८ मे रोजी मॉन्त पेले ज्वालामुखी फुटला. काही मिनिटांत सेंट पिएर हे अख्खं शहर गेलं, सुमारे २८ हजार माणसं मेली. आसपासच्या सातशेएक लोकांना वाचवण्याच्या कामात एबेर होता, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. नुसती ताकद कामाची नाही, ऐनवेळी घाबरून न जाणं आणि दुसऱ्यासाठी धावणंही अंगात हवं. माणसानं बळकट व्हायचं ते कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, हे त्यानं आयुष्यभराचं ब्रीद केलं.

तेव्हाची कवायत म्हणजे रांगेत उभं राहून आकड्यांवर हात वर, हात खाली. फ्रान्समधल्या लोरियां इथे नौसैनिकांना शिकवताना एबेरनं वेगळा रस्ता धरला. चालणं, धावणं, उडी, चार पायांवर रांगणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं, हे दहा प्रकार. तेही उघड्या मैदानावर, एकामागून एक अडथळे पार करत. फ्रेंच लष्करातला अडथळ्यांचा मार्ग याच विचारातून घडला.

१९१३ मध्ये रँस शहरात त्याच्या पद्धतीचं मोठं कॉलेज उघडलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. कॉलेज बेचिराख झालं आणि एबेर स्वतः बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झाला. तरी गडी थांबला नाही. युद्धानंतर त्यानं खास बायकांसाठी व्यायामाची शाळा काढली. बायका म्हणजे नाजूक, असं मानणाऱ्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

खरी गंमत पुढे आहे. १९२५ मध्ये त्यानं स्पर्धात्मक खेळांविरुद्ध पुस्तकच लिहिलं. विक्रम, तमाशा आणि पैसा यांनी व्यायामाचा जीव घेतला, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे आजचं तिकीट, टायमिंग आणि मेडल बघून तो वैतागलाच असता. पण एकट्याला न जमणारी उंच भिंत, खाली खांदा देणारा एक मित्र आणि वरून हात ओढणारा दुसरा? तिथे मात्र तो खूश झाला असता, असं आपल्याला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारनं त्याची पद्धत उचलून धरली, त्याचा डागही तिला लागला. तरी ती टिकली. रेमों बेल या फ्रेंच सैनिकानं अडथळ्यांवरचा हा सराव केला, त्याच्याकडून तो मुलगा डेव्हिडकडे आला आणि डेव्हिडनं जगाला पार्कूर दिलं. छतांवरून उड्या मारणारी पोरं रीलमध्ये दिसतात ना, तेच.

शेवटी एबेरला पक्षाघातानं गाठलं. ज्यानं हजारोंना धावायला शिकवलं, तो आता स्वतः चालणं, बोलणं, लिहिणं नव्यानं शिकू लागला. त्याची ही जिद्द बघून भोवतालचे लोक थक्क झाले. २ ऑगस्ट १९५७ रोजी नॉर्मंडीत तो वारला.