शिकाऊ नर्सबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या रमाबाई

गावच्या उपकेंद्रात शिकाऊ नर्स मुली आल्या की तुम्ही काय म्हणता? पोरीसोरी आल्या, यांना सुई तरी धड टोचता येईल का, असंच ना? मग रमाबाई रानड्यांची हकीकत वाचा. या बाईंनी आपल्या धुळ्यातही संसार केला आहे.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्रे गावच्या. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे पुढे न्यायमूर्ती झाले. लग्नात रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं, तर घरातल्याच बायका टोमणे मारू लागल्या. पण त्यांनी पाटी सोडली नाही. १८७९ साली सरकारची रानड्यांवर वक्रदृष्टी झाली आणि त्यांची बदली धुळ्याला झाली. रमाबाईही सोबत आल्या. शिकणाऱ्या बाईला लोक किती छळतात आणि पाठीशी कुणी असलं तर ती किती पुढे जाते, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

१९०१ साली रानडे वारले. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, त्याच्या अध्यक्ष रमाबाई झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथल्या बायांना नर्सचं काम शिकायला ससून रुग्णालयात पाठवायचं ठरलं. त्या काळी परक्या माणसाला, परजातीच्या रोग्याला हात लावायचा म्हणजे केवढी बोंब! विधवेने तर घराबाहेर पडणंच लोकांना खपत नसे. रमाबाई स्वतः विधवा होत्या. तरी त्या मागे हटल्या नाहीत.

नुसतं पाठवून भागत नाही, हेही त्यांच्या संस्थेने ओळखलं. शिकाऊ नर्सबाईंसाठी सेवासदनाने वेगळं वसतिगृह ठेवलं. दिवसभर वॉर्डात राबलेल्या बाईला परतायला हक्काचं छप्पर मिळालं. १९२४ साली रमाबाई गेल्या, पण वाट पडली ती पडलीच.

आता आपलं बघा. बीजप्रक्रिया नुसती ऐकून येते का? आधी बघावी लागते, मग जाणत्याबरोबर करावी लागते, मग जाणता उभा असताना एकट्याने करावी लागते. नर्सचं कामही तसंच. पुस्तक कॉलेजात, पण हात बसतो तो रोग्याजवळच, जाणत्या सिस्टरच्या नजरेखाली.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना सांगणं आहे. पिंपळनेर, दहिवेलकडच्या पाड्यांवर अशा मुली आल्या तर राहायला कडीची आणि दिव्याची खोली बघून द्या. घरोघर फिरताना गावातली माहीतगार बाई सोबत द्या. रोग्याच्या घरच्यांनो, शिकाऊ मुलगी सुई टोचणार असेल तर सिस्टर जवळ हव्यात असं खुशाल सांगा, तो तुमचा हक्क आहे. पण चूक दिसली तर चारचौघांत पोरीवर ओरडू नका, सिस्टरांच्या कानावर घाला. आज घाबरत नाडी बघणारी हीच पोर उद्या रात्री-बेरात्री तुमच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप करणार आहे.